उत्तेजनार्थ नको

अमेरिकेत टीव्हीवरच्या कामासाठी एमी पुरस्कार देतात. २०१७ साली त्यासाठी 'बिलियन्स' या मालिकेतल्या एका कलाकाराचं नाव पाठवायचं होतं. वाहिनीने त्या कलाकाराला साधंच विचारलं, नाव 'अभिनेता' गटात घालायचं की 'अभिनेत्री' गटात? कलाकाराचं नाव एशिया केट डिलन. डिलन नॉन-बायनरी आहेत, म्हणजे स्वतःला ना बाई मानतात ना पुरुष. वाहिनीला उत्तर देण्याआधी त्यांनी पुरस्कार देणाऱ्या टेलिव्हिजन अकादमीलाच पत्र धाडलं. हे दोन गट तुम्ही कलाकाराच्या शरीरावरून पाडलेत की तो स्वतःला काय मानतो त्यावरून? आणि यातलं काहीही असो, मुळात त्याची गरज काय?

अकादमीने हात झटकले नाहीत. आमच्या नियमांप्रमाणे कुणीही, कोणत्याही कारणाने, दोन्हीपैकी हव्या त्या गटात नाव देऊ शकतं, असं तिने कळवलं. डिलन यांनी मग जुने शब्दकोश चाळले. 'अ‍ॅक्टर' हा शब्द इंग्रजीत आधी सगळ्यांसाठीच होता असं त्यांना आढळलं आणि सहायक भूमिकेच्या 'अ‍ॅक्टर' गटात त्यांनी नाव दिलं. एमीचं नामांकन काही मिळालं नाही. पण त्याच वर्षी मे महिन्यात एमटीव्हीने आपल्या सिनेमा-टीव्ही पुरस्कारांतून अभिनयाची स्त्री-पुरुष वाटणी काढून टाकली. सिनेमातल्या अभिनयाचा असा पहिला पुरस्कार एमा वॉटसनला 'ब्यूटी अँड द बीस्ट'साठी मिळाला आणि तो तिच्या हाती द्यायला डिलन यांनाच बोलावलं होतं.

हॉलिवूडची एक गंमत म्हणून हे वाचून सोडून देता आलं असतं. मला येत नाही. मी नोकरी केली बँकेत आणि जीव अडकवला हौशी रंगभूमीत. निवृत्त झाल्यापासून एकांकिका स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणी येतात. पडदा उघडण्याआधी परीक्षकाच्या हातात पॅड, पेन आणि गुणपत्रिका देतात. लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा, वेशभूषा, या सगळ्या रकान्यांत नुसते आकडे भरायचे असतात. अभिनयाशी आलं की कंस येतो. अभिनय (पुरुष). अभिनय (स्त्री). प्रकाशयोजना (पुरुष) असं कुणी छापत नाही, दिग्दर्शन (स्त्री) असंही नाही. मग अभिनयालाच का, याचं उत्तर मला आजवर कुठल्याही आयोजकाने दिलेलं नाही. 'पहिल्यापासून असंच आहे मॅडम' हे उत्तर मी धरत नाही.

डिलन यांचा जन्म १९८४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावचा. किशोरवयातच तिथल्या 'अ‍ॅक्टर्स वर्कशॉप'मध्ये माइझनर पद्धतीचं शिक्षण सुरू झालं. ही पद्धत थोडक्यात सांगायची तर समोरच्याचं नीट ऐका आणि त्यावरच प्रतिक्रिया द्या. घरून ठरवून आणलेला भाव चेहऱ्यावर चिकटवू नका. आमच्या तालमींत दिग्दर्शक 'अरे, ऐक की तो काय म्हणतोय ते!' म्हणून ओरडतो, त्याचंच हे शिस्तशीर रूप. पुढे न्यूयॉर्कच्या छोट्या रंगमंचांवर कामं झाली. चेहरा लोकांना कळला तो २०१६ मध्ये, 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' या बायकांच्या तुरुंगावरच्या मालिकेत. भूमिका कोणती, तर ब्रँडी एप्स नावाच्या गोऱ्या वंशवादी कैदिणीची. प्रेक्षकांची सहानुभूती मिळावी असं त्या भूमिकेत काहीही नव्हतं.

'बिलियन्स' मी पाहायला घेतली ती खरं तर पैशाच्या भानगडींसाठी. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या ताळेबंदात डोकवायला आवडतं, त्याला इलाज नाही. बॉबी अ‍ॅक्सलरॉड ऊर्फ 'अ‍ॅक्स' हा हेज फंडाचा अब्जाधीश मालक आणि त्याच्या मागे हात धुऊन लागलेला सरकारी वकील चक ऱ्होड्स, यांची ही झुंज. डेमियन लुइस आणि पॉल जियामाटी, दोघेही कसलेले नट. दुसऱ्या पर्वात, २०१७ च्या फेब्रुवारीत, अ‍ॅक्सच्या कंपनीत टेलर मेसन या प्रशिक्षणार्थीचा प्रवेश होतो. केस अगदी बारीक कापलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आवाज एका पट्टीत. मालकासमोर उभं राहिल्यावर टेलर नाव सांगतात आणि त्याच दमात सांगतात, की माझा उल्लेख 'तो' किंवा 'ती' असा न करता अनेकवचनात करा. अ‍ॅक्स म्हणतो, ठीक. आणि थेट कामाचं बोलायला लागतो.

ब्रायन कॉपलमन आणि डेव्हिड लेव्हिन हे मालिकेच्या कर्त्यांपैकी दोघे. त्या 'ठीक'साठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. हाच प्रसंग आपल्याकडच्या संध्याकाळच्या मालिकेत आला असता तर तीन वेळा चेहरा जवळून दाखवला असता, ढोल वाजले असते, घरी आई रडली असती आणि मालकाने समाजप्रबोधनाचं भाषण ठोकलं असतं. इथे अ‍ॅक्सला टेलरच्या डोक्यातलं गणित हवं आहे. बाकी कशात त्याला रस नाही. बाजाराचा हा निर्ढावलेपणा या एका जागी कामी आला, हे गमतीदार आहे.

आणि पुढे तर अधिकच. टेलर म्हणजे कुणी सोशीक, पवित्र जीव नाहीत. पैशाची चव लागते, हातचलाखी अंगवळणी पडते, आणि तिसऱ्या पर्वाच्या शेवटी टेलर मालकाशी फारकत घेऊन स्वतःचा फंड काढतात. चौथ्या पर्वात वडील येतात, हुशार आणि हट्टी. मुलगा की मुलगी या घोळात त्यांची जीभ जुन्या वळणावरच जात राहते. पण बाप-लेकरातलं खरं दुखणं त्याहून जुनं आहे, मान्यतेचं आणि पैशाचं. हे लिखाण मला पटलं, कारण पडद्यावर आपल्याला स्त्री-पुरुष चौकटीत न बसणाऱ्या माणसांचे दोनच नमुने ठाऊक आहेत. एक, विनोदी कार्यक्रमात साडी नेसून कंबर हलवणारा. दुसरा, सगळ्यांनी छळलेला आणि शेवटच्या दृश्यात सगळ्यांना माफ करणारा. स्वार्थी, महत्त्वाकांक्षी, कधी चुकणारं आणि कामात मात्र पक्कं असं पात्र लिहिणं म्हणजे त्याला बरोबरीचा मान देणं. अमेरिकेच्या मुख्य प्रवाहातल्या मालिकांमधलं पहिलं ठळक नॉन-बायनरी पात्र म्हणून टेलरचं नाव घेतलं जातं.

या भूमिकेच्या निवडचाचणीची गोष्ट डिलन यांनी मुलाखतींत सांगितली आहे. पात्राच्या वर्णनात 'स्त्री-देह' आणि 'नॉन-बायनरी' असे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी होते. हे दोन्ही एका माणसाला कसं लागू पडेल, म्हणून डिलन यांनी शोधाशोध केली, आणि देह एक, आपण स्वतःला काय समजतो ते दुसरं, हे त्यांच्या लक्षात आलं. वाचता वाचता डोळे भरून आले, असं त्यांनी सांगितलं. स्वतःबद्दल आतून जे जाणवत होतं त्याला एका नोकरीच्या जाहिरातवजा कागदावर नाव सापडलं. नटाला भूमिका शिकवून जाते असं आपण सत्कार समारंभात नेहमी म्हणतो. इथे ती खरोखर शिकवून गेली.

अभिनय म्हणून पाहायचं तर डिलन यांची सारी मदार मानेवर आणि नजरेवर आहे. मान किंचित कलते, पापणी हलत नाही, आणि समोरच्याला कळतं की आपला हिशेब झाला. आवाज चढवण्याची सोय त्यांनी स्वतःहून सोडली आहे. हात हवेत फिरवणाऱ्या, टेबलं बडवणाऱ्या दलालांच्या गर्दीत हे एक स्थिर माणूस उभं केलं की कॅमेरा आपोआप तिकडेच जातो. मालिका सात पर्वं चालली, २०२३ ला संपली, आणि टेलर शेवटपर्यंत तिच्यात आहेत.

'जॉन विक'च्या तिसऱ्या भागात, २०१९ साली, ही स्थिरता आणखी उपयोगी पडली. त्या सिनेमात दर दोन मिनिटाला कुणीतरी मरतं. पुस्तकाने मरतं, घोड्याच्या लाथेने मरतं. डिलन यात 'अ‍ॅडज्युडिकेटर' आहेत, मारेकऱ्यांच्या वरिष्ठ मंडळाने पाठवलेले निवाडा अधिकारी. स्वतः मारामारी करत नाहीत. न्यूयॉर्कच्या हॉटेलात येतात, व्यवस्थापकाला शांतपणे सांगतात की नियम मोडला आहे, सात दिवसांत आवराआवर करा. आमच्या शाखेत रिझर्व्ह बँकेचे तपासणी अधिकारी यायचे आणि चहा नाकारून खतावणी मागायचे, तेव्हा मॅनेजरच्या चेहऱ्यावर जे दिसायचं तेच इथे इयन मॅकशेनच्या चेहऱ्यावर दिसतं. हे पात्र नॉन-बायनरी असावं का, असं डिलन यांनी दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की यांना विचारलं आणि त्यांनी आनंदाने होकार दिला. पूर्ण सिनेमात त्यावर एक शब्द नाही. पुढे २०२२ मध्ये ब्रॉडवेवर डॅनियल क्रेग आणि रूथ नेगा यांच्या 'मॅकबेथ'मध्ये डिलन यांनी राजपुत्र माल्कमची भूमिका केली. म्हणजे कैदीण, दलाल, निवाडा अधिकारी, राजपुत्र. नटाच्या कारकिर्दीत एवढी विविधता असली की आपण त्याला अष्टपैलू म्हणतो आणि पुढचा प्रश्न विचारत नाही.

पुढचा प्रश्न पुरस्कारवाले विचारतात. २०१७ च्या अखेरीस समीक्षकांच्या 'क्रिटिक्स चॉइस'ने डिलन यांना नाट्यमय मालिकेतल्या सहायक अभिनेत्याच्या गटात नामांकन दिलं. पुरस्कार डेव्हिड हार्बरला गेला. म्हणजे एका नॉन-बायनरी कलाकाराने पीटर डिंक्लेज, मायकल मॅकीन अशा दिग्गजांबरोबर एका यादीत स्पर्धा केली आणि आकाश काही कोसळलं नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या पडद्यावरच्या कलाकारांच्या संघटनेने आपल्या पुरस्कारांच्या नामांकन समितीवर यायचं आमंत्रण दिलं, तर डिलन यांनी खुलं पत्र लिहून सांगितलं की आधी हे स्त्री-पुरुष गट मोडा. अकादमीने २०२१ मध्ये एमीसाठी एक पळवाट काढली. गट तेच राहतील, मात्र हवं असल्यास बाहुलीवर आणि प्रमाणपत्रावर 'अभिनेता-अभिनेत्री'ऐवजी नुसतं 'कलाकार' असं कोरून मिळेल. सरकारी कार्यालयात अर्ज तोच, फक्त शिक्का नवा, अशातला प्रकार.

बाकीच्यांनी आपापले मार्ग काढले. 'यलोजॅकेट्स'मधल्या लिव्ह ह्यूसन यांनी २०२३ मध्ये एमीसाठी नावच दिलं नाही. दोन्ही गटांत आपल्याला जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी रंगभूमीच्या टोनी पुरस्कारांतून जस्टिन डेव्हिड सलिव्हन यांनी माघार घेतली, आणि त्याच टोनीत जे. हॅरिसन घी आणि अ‍ॅलेक्स न्यूएल या दोन नॉन-बायनरी कलाकारांनी 'अभिनेता' गटांतून पुरस्कार जिंकले. असा विजय पहिल्यांदाच झाला. 'द लास्ट ऑफ अस'मधल्या बेला रॅम्झी यांची भूमिका वेगळीच. अभिनेत्री म्हटलेलं त्यांना पुरेसं बरोबर वाटत नाही, पण या धंद्यात बायकांच्या कामाला मिळणारी वेगळी दाद टिकली पाहिजे असंही त्या ठामपणे सांगतात. (रॅम्झी यांना आपल्याला कुठल्या सर्वनामाने हाक मारतात याचं सोयरसुतक नाही, म्हणून इथे 'त्या'.) सगळे नॉन-बायनरी कलाकार एका सुरात बोलतात असं समजायचं कारण नाही.

रॅम्झी यांचा मुद्दा माझ्या काळजाला भिडतो, कारण मी त्या कंसाची लाभार्थी आहे. आंतरबँक एकांकिका स्पर्धेत एकदा मला स्त्री-अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. त्या काळात आमच्या संहितांमध्ये पाच-सहा पुरुष आणि एक बाई असायची. ती बाई चहाचा ट्रे घेऊन यायची, नाहीतर माहेरी जायची धमकी द्यायची. माझे दोन प्रवेश होते. वसुली खात्यातला आमचा एक सहकारी अख्खी एकांकिका खांद्यावर वाहत होता. कंस नसता तर ते बक्षीस त्याचं होतं, यात मला शंका नाही. पण कंस नसता तर त्या दिवशी एकाही बाईला व्यासपीठावर बोलावलं गेलं नसतं, यातही शंका नाही. त्या एका करंडकामुळे घरून तालमीला जायची परवानगी पुढची कित्येक वर्षं विनासायास मिळाली. तेव्हा कंस खोडा असं म्हणणाऱ्याने बायकांचं काय होणार, याचं उत्तर आधी द्यायला हवं.

उत्तर शोधायला दोन उदाहरणं पुरेशी आहेत. ब्रिटनच्या संगीतक्षेत्रातल्या 'ब्रिट' पुरस्कारांनी २०२२ पासून गायक-गायिका असे गट काढून एकच 'वर्षाचा कलाकार' केला. पहिल्या वर्षी अडेल जिंकली, सगळे खूश. दुसऱ्या वर्षी, २०२३ मध्ये, पाच नामांकनं जाहीर झाली आणि पाचही पुरुष. हॅरी स्टाइल्स जिंकला आणि गायिकांची नावं न घेतल्याबद्दल आयोजकांची यथेच्छ धुलाई झाली. २०२४ ला त्यांनी नामांकनं पाचाची दहा केली. दुसरं उदाहरण बर्लिन चित्रपट महोत्सवाचं. २०२१ पासून तिथे सर्वोत्तम अभिनेता आणि सर्वोत्तम अभिनेत्री यांच्याऐवजी प्रमुख भूमिका आणि सहायक भूमिका असे दोन रौप्य अस्वल पुरस्कार देतात. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत प्रमुख भूमिकेचा पुरस्कार मिळाला मारेन एगर्ट, मेल्टेम काप्टान, सोफिया ओतेरो, सेबॅस्टियन स्टॅन आणि रोझ बर्न यांना. पाचात चार स्त्रिया, त्यातली सोफिया तर लहानशी पोर.

फरक कशाने पडला? माझ्या समजुतीप्रमाणे मतदानाच्या पद्धतीने. ब्रिटमध्ये शेकडो लोक मत देतात आणि ज्याचं वर्षभर कानावर पडलं त्याचं नाव आधी सुचतं. कंपन्यांनी ज्याच्यावर पैसा ओतला तोच कानावर पडतो. बर्लिनला मूठभर परीक्षक सगळे सिनेमे पाहतात, एका खोलीत बसतात, भांडतात आणि निकाल लावतात. आणि आणखी एक, जे फार कुणी बोलत नाही. बर्लिनने बक्षिसं दोनाची एक केली नाहीत. दोनच ठेवली, फक्त वाटणी देहावरून होती ती कामावरून केली.

आमच्या एकांकिका स्पर्धा यातल्या कुणाशी मिळत्याजुळत्या आहेत हे सांगायला नकोच. दोन किंवा तीन परीक्षक, सगळे प्रयोग डोळ्यांसमोर, आणि निकालाआधी बंद खोलीत वडापाव खात झालेली वादावादी.

आता कुणीतरी बालगंधर्वांचं नाव काढणार, हे मला दिसतं आहे. मी सांगलीची, बालगंधर्वांबद्दल वाकडा शब्द माझ्या तोंडून यायचा नाही. पण त्यांचा दाखला इथे नेमका लागू होत नाही. त्यांनी स्त्रीभूमिका केल्या कारण त्या काळी कुलीन स्त्रिया रंगमंचावर येत नव्हत्या. घरी ते नारायणराव होते आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार असल्याचं नोंदलेलं नाही. तेव्हा 'आमच्याकडे हे शंभर वर्षांपूर्वीच होतं' अशी बढाई मारून विषय बंद करता येणार नाही. दाखला द्यायचाच तर मी अण्णा साळुंके यांचा देईन. फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, १९१३ साली, ते तारामती झाले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्याने केल्या. भारतीय सिनेमाची पहिली नायिका तेच, आणि पुढे सीता आणि तिचा नवरा, दोन्ही तेच गृहस्थ. त्यांना आज पुरस्कार द्यायचा झाला तर कुठल्या कंसात देणार?

राष्ट्रीय पुरस्कारांत नट-नटींना बक्षिसं सुरू झाली ती १९६७ च्या चित्रपटांपासून. पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस, आणि पुरस्कारांची नावं 'भरत' आणि 'उर्वशी'. एकीकडे नाट्यशास्त्राचा कर्ता, दुसरीकडे इंद्राच्या दरबारातली अप्सरा. वाटणीमागचा विचार यापेक्षा उघड काय असणार? पुढे 'जोगवा'मध्ये साडी नेसून जगायला लावलेल्या जोगत्याची भूमिका करणाऱ्या उपेंद्र लिमयेंना, आणि 'नगरकीर्तन'मध्ये पारलिंगी स्त्रीची भूमिका करणाऱ्या ऋद्धी सेनला सर्वोत्तम अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. दोन्ही कामं अव्वल, पारितोषिकं रास्त. पण ज्याचं आयुष्य ते होतं त्या माणसाला स्वतःला ती भूमिका मिळाली असती आणि त्याने ती तितकीच चांगली केली असती, तर त्याला कुठे उभं केलं असतं? केरळ सरकारने यावर एक वाट काढली. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राज्य चित्रपट पुरस्कारांत 'अंतरम' या सिनेमासाठी नेघा एस. या पारलिंगी अभिनेत्रीला खास पुरस्कार दिला. कौतुक आहे. पण खास पुरस्कार म्हणजे शेवटी मुख्य पंगत उठल्यावर वेगळं मांडलेलं पान.

हे वेगळं पान मी स्वतः वाढलं जाताना पाहिलं आहे. एका जिल्ह्याच्या ठिकाणची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. एका संघाच्या प्रवेशिकेत एका कलाकाराच्या नावापुढे 'पुरुष/स्त्री' यातलं काहीच खोडलेलं नव्हतं. विसरलं असेल म्हणून कार्यकर्त्याने फोन केला, तर उत्तर आलं, विसरलेलं नाही. एकांकिका एसटी स्टँडवरची होती आणि हे कलाकार वाहतूक नियंत्रकाच्या भूमिकेत. खिडकीच्या गजाआड बसून, समोर माइक, उजव्या हाताला न संपणारा चहा. गाड्यांची घोषणा करता करता प्रत्येक प्रवाशाच्या आयुष्यात नाक खुपसायचं, आणि स्वतःच्या घरचा फोन आला की माइकवर हात ठेवायचा. तो हात ठेवताना दर वेळी आधी चहाचा ग्लास बाजूला सरकवला जायचा, न बघता. रोज हेच करणाऱ्या माणसाची सवय. मी समोरच्या रकान्यात आकडा लिहिला आणि मग तो कुठल्या कंसात मोडतो ते पाहायला लागले.

निकालाच्या खोलीत तिघांच्या गुणांची बेरीज केली. दोन्ही कंस एकत्र केले तर ते नाव सगळ्यात वर होतं. पण एकत्र करायचे कसे? पुरुष-अभिनयाचा करंडक एका दिवंगत नटाच्या स्मरणार्थ, स्त्री-अभिनयाचा एका देणगीदाराच्या आईच्या स्मरणार्थ. देणगीदार पहिल्या रांगेत बसलेले. आयोजक हात जोडून म्हणाले, 'मॅडम, वाद नको, पुढच्या वर्षी बघू.' मी एका बाजूला, दोघं परीक्षक दुसऱ्या बाजूला. शेवटी त्या नावापुढे 'लक्षवेधी अभिनय, उत्तेजनार्थ' असं लिहिलं गेलं. करंडक नाही, प्रमाणपत्र आणि गुलाबाचं फूल. कार्यक्रम संपल्यावर हे पोर माझ्यापाशी आलं. नमस्कार केला आणि एवढंच विचारलं, 'मॅडम, माझा नंबर कितवा आला असता?' गुण गोपनीय असतात. मी सांगितलं नाही. ज्याच्या कामाला पहिला नंबर आहे त्याला उत्तेजन कसलं देता? उत्तेजन शिकाऊला देतात.

म्हणून माझं आयोजकांना सांगणं आहे. बक्षिसांची संख्या कमी करू नका. दोन करंडक आहेत ते दोनच राहू द्यात. चार असतील तर चार. देणगीदारांच्या आई-वडिलांची नावंही तशीच राहू द्यात, त्यांचा यात काही अपराध नाही. फक्त कंस काढा आणि प्रमुख भूमिका, सहायक भूमिका अशी वाटणी करा. बायकांना डावललं जाईल अशी भीती असेल, आणि ती खोटी नाही, तर निकालाबरोबर सगळ्या कलाकारांचे अभिनयाचे गुण फलकावर लावा, म्हणजे परीक्षकांनी पक्षपात केला की नाही ते सगळ्यांना दिसेल. आम्हा परीक्षकांना त्याने घाम फुटेल. फुटू दे, मानधन घेतो आम्ही. आणि पाच पुरुष, एक ट्रेवाली बाई अशा संहिता अजून येत असतील तर त्यांना लेखनाचे गुण कापा. बायकांचं खरं नुकसान तिथे होतं.

पावसाळा सरला की स्पर्धांचा हंगाम लागेल. प्रवेशिका आणि गुणपत्रिका छापायला टाकण्याआधी मजकूर एकदा काढून बघा, आणि अभिनयापुढचे ते दोन कंस खोडून मगच छापखान्यात द्या.